ट्रेलर ओढताना पेट्रोल कुठे जातं? पिकअप ट्रकवाल्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

डॅलसहून कॉलोराडोकडे निघालं की न्यू मेक्सिकोची हद्द संपता संपता रॅटन खिंड लागते. उंची 7,834 फूट. पहिल्यांदा ट्रकमागे ट्रेलर जोडून निघालो तेव्हा आठवडाभर मला त्या घाटाचीच धास्ती होती. इंजिन तापेल, पेट्रोल संपेल, मागचा ट्रेलर खाली खेचेल, असं काय काय मनात यायचं. प्रत्यक्षात घाट शांतपणे चढून झाला. पेट्रोल खाल्लं ते त्याआधीच्या सपाट मैदानाने. विचिटा फॉल्स ते अमारिलो या रस्त्यावर चढ असा जाणवतच नाही, आणि तिथेच टाकीचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता.

घरी आल्यावर हिशेब मांडला तेव्हा कोडं सुटलं. ट्रेलरचं वजन तुमची सुरक्षितता ठरवतं, पेट्रोल ठरवते ती हवा. या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवल्या की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. आपल्यातले बरेच जण दोन्हींची गल्लत करतात. पेट्रोल वाचवायचं म्हणून सामान कमी करतात आणि ताशी 75 मैलांनी गाडी हाणतात. किंवा ट्रक दमदार आहे म्हणून वजन कधी मोजतच नाहीत.

टेक्सासमध्ये आणि आसपास राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं आता ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेतात किंवा आठवड्यापुरता भाड्याने आणतात. भारतातून आई-बाबा आले की त्यांचं पथ्य, गुडघे, वेळच्या वेळी गरम जेवण हे सगळं सांभाळून राष्ट्रीय उद्यानं दाखवायची, तर स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःचं न्हाणीघर सोबत असण्यासारखं सुख नाही. त्या मंडळींसाठी हे सविस्तर लिहितो आहे. माझ्याकडे साडेतीन लिटर टर्बो इंजिनाची फोर्ड एफ-150 आणि पंचवीस फुटी ट्रेलर आहे. खालचे आकडे त्या जोडीचे. तुमचे वेगळे येतील, हिशेबाची रीत तीच राहील.

एककं अमेरिकेतलीच ठेवली आहेत. भारतातल्या वाचकांसाठी: 1 गॅलन म्हणजे 3.785 लिटर, 1 मैल म्हणजे 1.609 किलोमीटर, 1 पौंड म्हणजे 0.4536 किलो. गॅलनला 10 मैल म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर.

आधी दाराची चौकट बघा, जाहिरात नंतर

ट्रक विकताना एकच आकडा मोठ्याने सांगितला जातो: इतके हजार पौंड ओढतो. माझ्या ट्रेलरच्या विक्रेत्यानेही तेच केलं. तुमचा ट्रक 11,000 ओढतो, हा ट्रेलर रिकामा 4,900 पौंडांचा, मग अडचण कसली? आकडे दोन्ही खरे होते. पण ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या चाचणीत गाडीत प्रत्येकी 150 पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. आम्ही पाच जण होतो.

चालकाच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचं एक स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हा तुमच्या ट्रकचा पेलोड. तो त्याच एका गाडीचा असतो. शेजाऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या ट्रकचा आकडा दोन-तीनशे पौंडांनी वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, चारही चाकांना जोर हे सगळं त्यातूनच वजा झालेलं असतं. टाकीभर पेट्रोल मात्र आधीच धरलेलं असतं, ते पुन्हा मोजायचं नाही.

माझा आकडा 1,600. आता पहिल्या सहलीचा हिशेब बघा. पाच माणसं 700 पौंड. मागच्या हौद्यात जनरेटर, सरपण, बर्फाची पेटी, मिळून 220. हिचचा, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर जोडणारा, लोखंडी जोड 100. आणि ट्रेलरच्या दांड्याचा ट्रकवर येणारा भार 780. बेरीज 1,800. म्हणजे 11,000 ओढणारा ट्रक 5,900 पौंडांच्या ट्रेलरला 200 पौंडांनी कमी पडला. हाफ-टन ट्रकांचं (म्हणजे एफ-150 च्या वर्गातल्या पिकअपांचं) बहुतेक असंच होतं. ओढायची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी पाठीवर वाहायची ताकद संपते.

दुसरं स्टिकर हिच ज्यात बसतो त्या रिसीव्हरवर, मागच्या बंपरखाली असतं. वाकून वाचा. तिथे दोन ओळी असतात: नुसत्या बॉलवर (ट्रेलर ज्या गोळ्यावर टेकतो त्यावर) किती, आणि वजन वाटून देणारा हिच लावल्यावर किती. पुष्कळ हाफ-टन गाड्यांना नुसत्या बॉलवर 5,000 पौंडांचा ट्रेलर आणि 500 पौंडांचा भार एवढीच मुभा असते. त्याच्या वर जायचं तर तो दुसरा हिच घ्यावाच लागतो.

उलाळ गाडी

ट्रेलरच्या दांड्याचा जो भार ट्रकच्या हिचवर येतो त्याला इथे टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरला तो एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवा. मी 12 ते 13 टक्क्यांवर ठेवतो.

हे का, ते समजून घ्यायला आपल्याला पुस्तक उघडायची गरज नाही. बैलगाडी भरताना आजोबा मागे जास्त माल पडू द्यायचे नाहीत. मागे जड झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे फार झालं तर बैलांच्या मानेवर ओझं येतं. म्हणून भार आखाच्या किंचित पुढे, जू मानेवर टेकून राहील इतपत. ट्रेलर भरण्याचा नियम अगदी हाच आहे. फरक एवढाच की बैलगाडी ताशी 3 मैलांनी चालायची. 60 मैलांच्या वेगाने उलाळ ट्रेलर मागून शेपटीसारखा हलायला लागतो, आणि तो झोका एकदा वाढला की ट्रकलाही फिरवून टाकतो.

म्हणून जड सामान ट्रेलरच्या आखांवर, जमिनीलगत, डाव्या-उजव्या बाजूंना सारखं. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावण्याचा मोह टाळा. इतक्या लांबवरचं शंभर पौंड पुढचा भार बराच उचलून धरतं. पाण्याची टाकी नेमकी कुठे आहे तेही शोधून काढा. एक गॅलन पाणी 8.34 पौंडांचं. माझी टाकी आखाच्या पुढे आहे, तीत पंचवीसेक गॅलन पाणी होतं. ते सोडून दिल्यावर ट्रेलर 200 पौंडांनी आणि हिच 60 पौंडांनी हलका झाला. सरपण न्यायचं सोडून दिलं. तसंही लाकडातून झाडांची कीड एका राज्यातून दुसऱ्यात जाते म्हणून ते तिथलंच विकत घ्यावं. जनरेटर घरी ठेवला. मग बेरीज अशी झाली: माणसं 700, हौदा 60, हिचचा जोड 100, दांड्याचा भार 720. एकूण 1,580. बसलं.

काट्यावर वजन करून घ्या

माहितीपत्रकातलं ट्रेलरचं कोरडं वजन विसरून जा. त्यात बॅटरी, गॅसचे सिलिंडर, गाद्या-पांघरुणं, कुकर, तांदळाची पिशवी यांतलं काही धरलेलं असेलच असं नाही. महामार्गावरच्या मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. त्याला वेगवेगळे तळ असतात. ट्रकची पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर, अशी गाडी उभी करायची. वजन तीनदा करा:

1. पूर्ण भरलेली जोडगाडी, हिचच्या स्प्रिंग बार (भार वाटून देणाऱ्या लांब पोलादी पट्ट्या) ताणलेल्या.
2. तीच जोडगाडी, बार सैल करून.
3. ट्रेलर बाजूच्या मोकळ्या जागेत उभा करून नुसता ट्रक, पण सगळी माणसं आणि सामान आत.

दुसऱ्या वजनातली ट्रकची दोन्ही आखं मिळवा आणि तिसरं वजन त्यातून वजा करा. आला हिचवरचा खरा भार. माझं उदाहरण: जोडलेला असताना ट्रकच्या आखांवर 6,780, एकटा असताना 6,060, फरक 720. पहिलं आणि दुसरं वजन शेजारी ठेवलं की स्प्रिंग बार पुढच्या चाकांवर किती भार परत आणतात तेही कळतं.

ही परत आणण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. मागे 700 पौंड टेकले की ट्रकचं नाक वर जातं, पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले होतात. वजन वाटून देणारा हिच लांब पोलादी बारांच्या ताणाने तो भार पुढच्या चाकांवर आणि मागे ट्रेलरच्या आखांवर ढकलतो. जुळवायला टेप पुरतो. पुढच्या चाकावरची कमान जमिनीपासून किती उंच आहे ते ट्रेलर जोडण्याआधी मोजा, जोडल्यावर मोजा, बार ताणल्यावर पुन्हा मोजा. वर गेलेल्या उंचीपैकी किती खाली आणायची ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्याहून जास्त ताणू नका, मागची चाकं हलकी होतात.

काट्यावर जायला कुटुंबातले लोक कंटाळतात. तरीही जा. त्या कागदाच्या तुकड्यावरून मला माझ्या गाडीबद्दल जेवढं कळलं तेवढं वर्षभर वाचून कळलं नव्हतं.

जोडण्याचा क्रम

हा क्रम मी दरवेळी तोच ठेवतो आणि मध्ये कोणाला बोलू देत नाही. अर्धवट झालेलं काम झालंय असं वाटणं, हीच इथली खरी चूक असते.

ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. बॉलचं माप दांड्यावरच्या कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या टोपीवर) कोरलेल्या मापाशी ताडून बघा. 2 इंच आणि 2 5/16 इंच हे दोन बॉल लांबून सारखेच दिसतात, आणि लहान बॉलवर मोठा कपलर बसल्यासारखा वाटतो, पण पहिल्याच खड्ड्यात निसटतो. ट्रक मागे घ्या, हँडब्रेक लावा, कपलर खाली उतरवा, कडी बंद करा, पिन घाला. आता जॅकने दांडा दोन-तीन इंच वर उचला. ट्रकचा मागचा भाग सोबत वर आला तर कपलर बॉलवर खरोखर बसला आहे. ही परीक्षा कधीही गाळू नका.

साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवा, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडा त्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही. तुटल्यास ब्रेक लावणारी बारीक तार ट्रकला वेगळी अडकवा. साखळीलाच गुंडाळली तर साखळीसोबत तीही जाते. सात पिनांचा प्लग लावा. बार चढवा. जॅक पूर्ण वर घ्या. मग कोणाला तरी मागे उभं करून दिवे, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे तपासा. शेवटी ठोकळे काढा.

निघाल्यावर रिकाम्या जागेत ताशी 20-25 मैलांवर ट्रेलरचा ब्रेक हाताच्या कळीने दाबून बघा. ट्रेलरने ट्रकला मागून ओढून धरल्यासारखं वाटलं पाहिजे. चाकं घसटत असतील तर ट्रेलर-ब्रेकच्या नियंत्रकाचा आकडा थोडा कमी करा.

टायरचा विषय दोन वाक्यांत संपणारा नाही, कारण रस्त्याकडेला उभे दिसणारे ट्रेलर बहुतेक टायरपायीच अडलेले असतात. ट्रेलरचे एसटी (स्पेशल ट्रेलर) जातीचे टायर वेगळे असतात. ज्यांच्यावर वेगाचं अक्षर नसतं ते सहसा ताशी 65 मैलांपर्यंतचेच धरायचे. हवा सकाळी, टायर गार असताना, ट्रेलरवरच्या स्टिकरप्रमाणे पूर्ण भरा. नक्षी झिजण्याआधी हे टायर वयाने संपतात, उन्हात उभे राहून आतून कोरडे पडतात. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 1421 म्हणजे 2021 सालचा चौदावा आठवडा. पाच वर्षं झाली की मी बदलतो, नक्षी कितीही नवी दिसो. आणि चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या 50 मैलांत थांबून टॉर्क रेंचने नट पुन्हा आवळा.

आता पेट्रोल

माझा ट्रक एकटा महामार्गावर गॅलनला 21 मैल देतो. मागे ट्रेलर लावून ताशी 60 मैलांनी चाललं तर 10. ताशी 70 ला 8. समोरून वारा असेल तर 7 सुद्धा पाहिलेत. इतकी घसरण नुसत्या वजनाने होत नाही.

सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना इंजिनाला दोन गोष्टींशी झगडावं लागतं: टायरांचं घर्षण आणि हवा. माझी जोडगाडी सगळी मिळून सुमारे 12,000 पौंडांची. टायरांचा अडथळा ढोबळ मानाने 140 पौंड जोराचा. तो वेगाने फारसा वाढत नाही. हवेचा अडथळा 60 ला सुमारे 440 पौंड. म्हणजे टायरांच्या तिप्पट, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. 70 भागिले 60, त्याचा वर्ग 1.36. म्हणून 70 ला तो 600 वर जातो. ट्रेलरचं तोंड म्हणजे आठ फूट रुंद आणि ट्रकच्या टपाहून बरीच उंच अशी भिंत असते. ती भिंत हवेतून ढकलायचे आपण पैसे भरतो.

यावरून वजनाचा हिशेब बघा. पाण्याचे 200 पौंड काढल्याने टायरांचा अडथळा दोन-अडीच पौंडांनी कमी झाला. एकूण 580 मध्ये ते दिसतही नाहीत. ते पाणी मी सोडलं ते पाठीवरचा भार आवाक्यात आणायला. पेट्रोल वाचवायला सोडलं असतं तर निराश झालो असतो.

आणि घाट? 12,000 पौंड हजार फूट वर उचलायला, इंजिनाची कार्यक्षमता 30 टक्क्यांच्या आसपास धरली तर, साधारण अर्धा गॅलन लागतो. डॅलसची उंची चारशे-साडेचारशे फूट. तिथून रॅटन खिंडीपर्यंतची सगळी चढण साडेसात हजार फुटांच्या आत. म्हणजे समुद्रसपाटीजवळून त्या खिंडीत पोचण्याचं भाडं साडेतीन गॅलन! शिवाय वर हवा विरळ असते. सात हजार फुटांवर ती पाचव्या हिश्शाने पातळ झालेली असते, म्हणजे तिचा अडथळाही तेवढाच उतरतो. पठारावर गाडी थोडी जास्त मायलेज देते ती त्यामुळे. साध्या इंजिनाला याच विरळ हवेत हजार फुटांमागे सुमारे 3 टक्के ताकद गमवावी लागते, टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो.

आता डॅलस ते रॅटन हे सुमारे 575 मैल दोन वेगांनी मोजू. 60 ला 57 गॅलन. 70 ला 72. फरक जवळजवळ 15 गॅलन, घाटाच्या चौपट. गॅलनला 3 डॉलर धरले तर 40-45 डॉलर. वाचला किती वेळ? तास आणि वीस मिनिटं, तेही वाटेत कुठेही न थांबता. पण 70 ने जाणाऱ्याला पेट्रोलसाठी एखादा थांबा जास्त लागतो, आणि ट्रेलर घेऊन पंपावर शिरणं-निघणं यातच पंधरा-वीस मिनिटं जातात. मी 62 वर चालवतो, उजव्या लेनमध्ये. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना कायद्यानेच कमाल 55 आहे.

वारा

इथे थोडं थांबतो, कारण वेगाबद्दल सगळे बोलतात, वाऱ्याबद्दल कोणी नाही. हवेला तुमचा स्पीडोमीटर दिसत नाही. तिला कळतो तो तुमचा आणि वाऱ्याचा मिळून वेग. 60 ने जाताना समोरून 20 मैलांचा वारा असला तर ट्रेलरच्या तोंडाला तो 80 चा वेग. अडथळा 1.78 पट. अमारिलोच्या आसपासचा टेक्सासचा उत्तर भाग, ज्याला पॅनहँडल म्हणतात, अमेरिकेतल्या सर्वांत वाऱ्याच्या प्रदेशांपैकी एक आहे. डोंगर नाही, झाड नाही, अडवणारं काही नाही. वसंतात तर दुपार झाली की वारा उठतो तो संध्याकाळपर्यंत पडत नाही. ज्या मैदानाने माझं पेट्रोल खाल्लं ते हे.

म्हणून मी आदल्या रात्री नॅशनल वेदर सर्व्हिसचा तासवार अंदाज बघतो. पहाटे पाचला निघायचं, वारा उठायच्या आत निम्मं अंतर काटायचं. समोरचा वारा 20 च्या वर असेल तर वेग 55 वर आणतो. बाजूचा वारा पेट्रोलपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, झोताने ट्रेलर हलतो. 30-35 च्या झोतांचा इशारा असेल तर दुपारभर कुठेतरी थांबा. आई-बाबांसोबत आम्ही चाइल्ड्रेसला असंच चार तास थांबलो होतो. ट्रेलरमध्येच पिठलं-भात झाला, बाबा झोपले, पाचला वारा मंदावल्यावर निघालो. स्वतःचं घर मागे असताना थांबण्याचं ओझं वाटून घेऊ नये.

चालवताना

टो-हॉल मोड, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सोय, सुरू ठेवा. गिअरबॉक्स उगाच वरचा गिअर शोधत नाही आणि उतारावर इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं. सपाटीवर क्रूझ कंट्रोल चालेल, पण चढ-उताराच्या रस्त्यावर काढून टाका. दर चढाला तो वेग टिकवण्यासाठी टर्बो पूर्ण ताणतो आणि त्या दहा सेकंदांत भरपूर पेट्रोल जातं. पायाने चालवा, चढाला वेग 5-7 मैलांनी पडू द्या, उतारावर तो आपोआप परत येतो.

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. आधीच खालचा गिअर घ्या. वेग वाढला की ब्रेक ठाम दाबून दहा मैलांनी उतरवा, मग पूर्ण सोडा, ब्रेकला निवू द्या.

ट्रेलर झोके घ्यायला लागला तर स्टिअरिंग सरळ धरा, पाय पेट्रोलवरून हलकेच काढा आणि ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबा. ट्रकचा ब्रेक दाबू नका, वेग वाढवून सावरायलाही जाऊ नका. मग पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामान पुन्हा लावा. झोका कधी उगाच येत नाही. भार मागे गेलेला असतो किंवा वेग जास्त झालेला असतो.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवा. एखाद्या रविवारी सकाळी मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव केला की रात्रीच्या अंधारात कॅम्पग्राउंडवर नवरा-बायकोत वाद होत नाहीत.

पंपावर

टाकी निम्मी झाली की पंप शोधायला लागा. माझी टाकी 36 गॅलनची. कागदावर 350 मैलांपर्यंत जाईल, पण मी 200 ते 220 ला भरतो. वाटेतल्या न्यू मेक्सिकोतल्या क्लेटन गावाच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब मोकळा मुलूख आहे आणि समोरून वारा सुटला तर हिशेब कोलमडतो. नकाशाचं उपग्रहचित्र आदल्या रात्री बघून ठेवा. ज्या पंपावर सरळ शिरून सरळ बाहेर पडता येतं तोच निवडा. कोपऱ्यातल्या दुकानाशी अडकलात तर ट्रेलर सोडवण्याची पाळी येते.

न्यू मेक्सिको आणि कॉलोराडोत बऱ्याच ठिकाणी सर्वांत स्वस्त पेट्रोल 85 किंवा 86 ऑक्टेनचं असतं. ते घेऊ नका. तुमच्या मॅन्युअलमध्ये किमान 87 लिहिलेलं असेल तर ते तुमच्या इंजिनासाठी नाहीच, त्यात ट्रेलर ओढणाऱ्या टर्बोसाठी तर मुळीच नाही. उन्हाळ्यात घाट असेल त्या टप्प्याला मी 87 हूनही वरचं घेतो. दाब वाढल्यावर इंजिन स्वतःला वाचवायला ठिणगी उशिरा पाडतं आणि ताकद पडते, ते यात टळतं.

मायलेज डॅशबोर्डवरून लिहू नका. नळी आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिपचे मैल भागिले गॅलन, आणि शेजारी तीन गोष्टी टिपा: सरासरी वेग, वारा कुठून, चढ की उतार. पाच-सहा टाक्यांनंतर तुमच्या गाडीचा स्वभाव त्या वहीत दिसायला लागतो.

हौद्याचं झाकण, मागचं फळकूट उघडं ठेवणं, एसी बंद करणं, याने ट्रेलर ओढताना म्हणण्यासारखा फरक पडलेला मला दिसला नाही. एसी बंद करून वृद्ध आई-वडिलांना टेक्सासच्या उन्हात बसवू नका. फरक पाडायचाच असेल तर तो ट्रेलर निवडताना पडतो. बुटका, गोलसर नाकाचा किंवा छत घडी करता येणारा ट्रेलर तेवढ्याच वजनाच्या उंच चौकोनी ट्रेलरपेक्षा कितीतरी कमी पेट्रोल घेतो. खरेदीला जाल तेव्हा वजनासोबत उंचीही विचारा. इलेक्ट्रिक पिकअपचा विचार असेल तर असा उंच ट्रेलर लावल्यावर पल्ला साधारण निम्मा धरा, आणि वाटेतल्या चार्जिंग केंद्रांवर ट्रेलरसकट उभं राहता येतं का ते आधी बघा.

पोचल्यावर

सर्वांत आधी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे. इतर काहीही त्यानंतर. मग प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन ऊब बघा. तीन चाकं कोमट आणि एक चटका देणारं असेल तर त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय, परतीच्या आधी दाखवून घ्या. बार सैल करा, तार काढा, साखळ्या काढा, प्लग काढा, जॅक खाली करून दांड्याचा भार त्यावर घ्या आणि मगच कडी उघडा. ट्रक फूटभर पुढे घेऊन थांबा, उतरा, काही अडकलेलं राहिलं नाही ना बघा, आणि मग हलवा.